मस्टँगला ॲल्युमिनियमचा शाफ्ट टाकावा का?

वजन कमी करायचं म्हणून ॲल्युमिनियमचा ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, घेणार असाल तर माझं मत सरळ आहे, नका घेऊ. दुसऱ्या एका कारणासाठी घेत असाल तर मात्र बसून बोलू, आणि त्या कारणाबद्दल जाहिरातीत फारसं कुणी बोलत नाही म्हणूनच आज एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

आमच्या मिशिगनमध्ये एप्रिलच्या पावसाने रस्त्यावरचं, बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ धुऊन निघालं की हिवाळाभर कव्हरखाली झोपलेल्या गाड्या गॅरेजबाहेर येतात आणि मग हे प्रश्न सुरू होतात. डेट्रॉइटच्या आसपास मराठी माणसं बरीच, त्यातली कितीतरी गाड्यांच्या कंपन्यांत नाहीतर त्यांच्या सप्लायरकडे कामाला, त्यामुळे गणपतीच्या जेवणाच्या पंगतीतही एक कोपरा असा असतो जिथे घरांच्या किमती आणि पोरांच्या शाळा सोडून फक्त गिअर रेशोवर बोलणं चालतं. तिथलाच एक नाशिकचा पोरगा, नुकताच सेटल झालेला, फोर्डची २०१३ ची मस्टँग जीटी सेकंडहँड घेतली त्याने, तो यंदा मला म्हणाला, दादा, शाफ्ट टाकू का ॲल्युमिनियमचा? वीस पौंड वजन कमी होतं म्हणे, आणि चाकाला दहा हॉर्सपॉवर जास्त मिळते. माझ्या २०११ च्या जीटीला तो शाफ्ट बसवलेला आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याला वाटलं मी लगेच हो म्हणेन.

ज्यांच्या गाडीला हा प्रकारच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकावर चालतात, त्यांना लांब शाफ्ट लागतच नाही. पण बोलेरो, सुमो, जुनी ओम्नी, ट्रक, टेम्पो यांच्या पोटाखालून गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरेन्शियलपर्यंत जो दांडा जातो, ज्याला आपले मेकॅनिक प्रोपेलर शाफ्ट म्हणतात आणि ज्याचा क्रॉस, म्हणजे टोकाचा वाकून फिरणारा सांधा, गेला की गाडी सुटताना खालून ठक्क करते, तोच हा. मस्टँगमध्येही तोच, फक्त त्यातून जाणारी ताकद वेगळी. २०११ च्या जीटीचं ५ लिटरचं इंजिन ४१२ हॉर्सपॉवर आणि ३९० पौंड-फूट टॉर्क देतं, मॅन्युअल गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.६६ चा, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली की त्या दांड्याला १४०० पौंड-फुटाच्या वर पीळ बसतो.

कारखान्यातून हा शाफ्ट स्टीलचा आणि दोन तुकड्यांचा येतो. मधे एक सेंटर बेअरिंग, ते रबराच्या कड्यात बसवलेलं आणि गाडीच्या तळाला बोल्टने लटकवलेलं. सगळं मिळून वजन ३८-४० पौंडांच्या घरात. बाजारात मिळणारा ॲल्युमिनियमचा एकच तुकडा १८-२० पौंडांचा. म्हणजे वीस पौंडांचा फरक खोटा नाही, दोन्ही शाफ्ट हातात घेऊन बघितले की कुणालाही पटतं. जुना काढताना लिफ्टखाली दोघं लागलो होतो आणि नवा मी एका हाताने उचलून आत सरकवला. हा जो हाताला जाणवणारा फरक आहे ना, यावरच सगळी विक्री चालते, कारण हातात इतकं हलकं वाटलं की माणूस मनाने गाडीही तेवढीच हलकी झाली असं धरून चालतो.

आता हिशोब करू. गाडीचं वजन ३६०० पौंड, वर ड्रायव्हर. त्यातले २० पौंड म्हणजे अर्धा-पाऊण टक्का. मस्टँगची टाकी १६ गॅलनची आणि एक गॅलन पेट्रोल साधारण ६ पौंडांचं, म्हणजे टाकीत तीन-सव्वातीन गॅलन पेट्रोल कमी भरलंत तर एवढंच वजन कमी झालं, पैसे न घालवता. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्टीवर, जाणारी मंडळी एक ठोकताळा वापरतात, १०० पौंड कमी केले की पाव मैलाला सेकंदाचा दहावा भाग वाचतो. त्या हिशोबाने २० पौंडांचे सेकंदाचे दोन शतांश. सुटताना टायर जरासा जास्त फिरला तरी याच्या दहापट वेळ जातो.

यावर लगेच उत्तर येतं की अरे पण हे फिरणारं वजन आहे, फिरणाऱ्या वजनाची गोष्ट वेगळी. बरोबर आहे, वेगळीच आहे, पण मग तोही हिशोब करायला हवा आणि तो कुणी करत नाही, नुसतं फिरणारं वजन फिरणारं वजन म्हणत राहतात. फिरवायला किती जड जातं हे नुसत्या वजनावर नसतं, ते वजन मध्यापासून किती लांब आहे त्याच्या वर्गावर असतं. शाफ्ट म्हणजे बारीक नळी, त्याचं सगळं वजन मध्यापासून दीड-दोन इंचांवर. टायर-रिमचं वजन मध्यापासून फूटभर लांब. मी तीन इंची नळी आणि १८ किलो असं धरून आकडे मांडले. ताशी ७५ मैलाला, ३.७३ च्या ॲक्सलवर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.७३ फेरे), शाफ्ट मिनिटाला साधारण ३५०० फेरे घेतो आणि त्या फिरण्यात जेमतेम २ किलोज्यूल ऊर्जा असते. त्याच वेगाला चार चाकांच्या नुसत्या फिरण्यात २५ किलोज्यूलच्या आसपास. आणि अख्ख्या गाडीच्या धावण्यात ९५० च्या वर. आता त्या २ मधले तुम्ही किती वाचवणार, समजा निम्मे, तर १ वाचला. ९५० मधला १.

आणि निम्मेही वाचत नाहीत, हे तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा मऊ, म्हणून तेवढाच पीळ सोसायला नळी जाड व्यासाची घ्यावी लागते, साडेतीन इंच, चार इंच. वजन निम्मं झालं पण ते मध्यापासून लांब गेलं. तीन इंची स्टीलच्या जागी चार इंची ॲल्युमिनियम घातलं तर फिरण्याचं जडत्व ढोबळ हिशोबाने दहा टक्क्यांच्या आसपासच कमी होतं. तराजूवर निम्मं, फिरताना दहा टक्के. जाहिरातीत तराजूचाच आकडा छापतात.

डायनोवरच्या, म्हणजे चाकाला मिळणारी ताकद मोजायच्या यंत्रावरच्या, दहा हॉर्सपॉवरचंही तसंच. जास्त करून दुकानांत इनर्शियावाला डायनो असतो, म्हणजे एक जड लोखंडी ड्रम, गाडीची चाकं त्याला फिरवतात आणि तो किती लवकर वेग पकडतो यावरून पॉवर काढतात. अशा डायनोवर चाक, शाफ्ट, फ्लायव्हील काहीही हलकं केलं की आकडा थोडा वर जातो, इंजिनाने एक थेंबही जास्त ताकद दिलेली नसताना. पण थोडा म्हणजे किती? १:१ च्या गिअरमध्ये, म्हणजे शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो त्यात, २५०० पासून ७००० आरपीएमपर्यंत दहा सेकंदांत ओढलं तर तो पूर्ण स्टीलचा शाफ्ट फिरवायला सरासरी १ हॉर्सपॉवर लागते. एक. म्हणजे शाफ्ट जादूने नाहीसा केला तरी एकच वाचेल, मग हलका करून दहा कुठून वाचणार? सेंटर बेअरिंग आणि एखादा जॉइंट कमी झाल्याने घर्षण किंचित घटत असेल, तेही धरा, तरी दहापर्यंत मजल जात नाही. सकाळी एक रन आणि दुपारी इंजिन तापल्यावर दुसरा रन, एवढ्यानेही दोन-चार हॉर्सपॉवर इकडेतिकडे होतात हे डायनोवर गाडी चढवलेल्या प्रत्येकाने बघितलेलं आहे. आणि हायवेला एका वेगात चाललात की मग तर फिरणाऱ्या वजनाचा प्रश्नच मिटला, तेव्हा ते वेग घेतही नाही आणि सोडतही नाही, त्यामुळे ॲव्हरेज वाढतं हा दावाही सोडून द्या.

ज्याला खरंच इंजिन चटकन चढायला-उतरायला हवं आहे त्याने फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चकतीकडे, बघावं. फ्लायव्हील इंजिनाच्या वेगाने फिरतं, शाफ्ट गिअरबॉक्सनंतर, म्हणून पहिल्या गिअरमध्ये फ्लायव्हीलमधला तेवढाच फरक ३.६६ च्या वर्गाने, म्हणजे तेरा पटीने जास्त जाणवतो, आणि शिवाय त्याचा व्यासही मोठा. त्याचे तोटेही आहेत, सिग्नलला गाडी हळू सोडताना बंद पडायला लागते, पण निदान ते काम तरी करतं.

मग कारखाने स्वतः ॲल्युमिनियमचे शाफ्ट का घालतात? इथल्या कुठल्याही पार्किंगमध्ये मोठ्या पिकअप ट्रकखाली वाकून बघा, फोर्डच्या कितीतरी एफ-१५० ना मांडीएवढ्या जाडीचा ॲल्युमिनियमचा एकसंध शाफ्ट असतो. याचं उत्तर वजनात नाही. लांब दांडा वेगाने फिरायला लागला की एका ठरावीक वेगाला तो मधे फुगायला लागतो, दोघींनी दोन टोकं धरून दोरी फिरवली की मधला भाग जसा पोट काढून फिरतो अगदी तसा. हा क्रिटिकल स्पीड. त्याच्या जवळ गेलात की आधी थरथर, मग आवाज, आणि पार गेलात तर शाफ्ट वाकतो, तुटतो. लांबी दुप्पट केली की हा वेग चौथाईवर येतो, व्यास दुप्पट केला की दुप्पट होतो. आणि गंमत अशी की धातू बदलून इथे काहीच फरक पडत नाही! स्टील ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ, पण वजनालाही जवळपास तिप्पट, भागाकार केला की दोघांचं उत्तर एकच येतं. म्हणजे त्याच लांबीची, त्याच व्यासाची नळी स्टीलची असो की ॲल्युमिनियमची, क्रिटिकल स्पीड तोच. ॲल्युमिनियमचा उपयोग एवढाच की त्यात जाड व्यास परवडतो, चार-पाच इंची नळी केली तरी ती उचलता येते, आणि जाड व्यास मिळाला की मग लांब दांडा दोन तुकडे न करता एकाच तुकड्यात नेता येतो.

हे कळलं की बाकीच्या गोष्टीही उलगडतात. पोलिसांच्या जुन्या क्राउन व्हिक्टोरिया आठवत असतील, त्यातल्या ३.५५ ॲक्सलवाल्या गाड्यांचा टॉप स्पीड फोर्डने कॉम्प्युटरमधूनच खाली बांधलेला होता, कारण त्यापुढे शाफ्टचा वेग झेपणारा नव्हता. आणि मस्टँगच्याच २०१३ च्या शेल्बी जीटी५०० ला, ६६२ हॉर्सपॉवर आणि ताशी २०० मैलांचा दावा, तिला फोर्डने थेट कार्बन फायबरचा एकसंध शाफ्ट दिला. कार्बन फायबर वजनाच्या मानाने खरंच जास्त ताठ, तिथे धातूंची बरोबरी संपते. या दोन्ही ठिकाणी शाफ्ट किती फेरे सोसणार हाच प्रश्न होता.

आता मी का बसवला ते सांगतो. माझ्या गाडीचं सेंटर बेअरिंग म्हातारं झालं होतं. मीठ, थंडी, वय, रबर चिरलं होतं. सिग्नलवरून सुटताना खालून एक बारीक धक्का यायचा, ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरमध्ये पाय ठेवला-काढला की गाडी आधी एकदा मागेपुढे झुलायची आणि मग चालायची. नवा स्टीलचा अख्खा शाफ्ट घ्यायचा तर जो खर्च होता त्यात थोडी भर टाकली की ॲल्युमिनियमचा येत होता, आणि मला तो झुलाच मुळापासून घालवायचा होता. कारखान्याच्या शाफ्टमध्ये मधलं रबर, मागच्या टोकाचा जॉइंट, दोन तुकड्यांमधली सांध, प्रत्येक जागी थोडी थोडी ढील असते, ती मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे धक्का आणि आवाज आत सीटपर्यंत पोचू नयेत. एकसंध शाफ्ट टाकला की ही सगळी मधली मंडळी जातात. पाय दाबला आणि गाडी निघाली, मधे कुणी नाही.

हे इतकं छान वाटतं की मी ते आकड्यात सांगूच शकत नाही. वळणावर अर्धवट रेसमध्ये गाडी धरून ठेवायची आणि बाहेर पडताना हळूच पाय वाढवायचा, तेव्हा मागची चाकं काय करतायत ते पायाच्या अंगठ्याला कळतं, तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना क्लच सोडला की ठक्क होत नाही. गाडी पळते तेवढीच, घड्याळात काही फरक नाही, पण मी ती जास्त चालवतो, रविवारी सकाळी उगाच एक चक्कर मारून येतो. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालत आलेली, मैलच्या मैल जुन्या-नव्या गाड्या बंपरला बंपर लावून रांगतात, तिथे तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना तर हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो, जिथे वेगाचा काही संबंधच नाही! माझ्यासाठी पैसे तिथे वसूल झाले. म्हणून म्हणतो, तुम्ही हलका शाफ्ट म्हणून विकत घेता आणि हातात पडतो तो एका तुकड्याचा शाफ्ट, आणि जो काही फायदा आहे तो त्या एका तुकड्याचा आहे. तोच एका तुकड्याचा शाफ्ट स्टीलचा केला असता तरी पायाला असाच लागला असता.

पण ती जी ढील काढली ती कारखान्याने उगाच ठेवली नव्हती, तिची किंमत द्यावी लागते. डिफरेन्शियलच्या गिअरचा बारीक गुणगुण आवाज, जो आधी ऐकू यायचा नाही, तो आता साठच्या पुढे थोडा येतो. मला चालतो. माझ्या बायकोला चालत नाही, लांबच्या प्रवासाला आम्ही तिची गाडी काढतो. दुसरं म्हणजे व्हायब्रेशन, आणि हा खरा मोठा विषय आहे.

डेट्रॉइटजवळच्या कँटनला राहणाऱ्या एका मित्राची गाडी स्प्रिंग बदलून खाली बसवलेली, त्यावर त्याने एका दुकानातून हा शाफ्ट टाकून घेतला. सत्तरपर्यंत गाडी लोण्यासारखी आणि ७२ ला आतला आरसा असा थरथरायचा की मागचे हेडलाइट दोन-दोन दिसायचे. दुकानवाला म्हणाला टायर बॅलन्स करा. टायर बॅलन्स केले, काही नाही. मग एकाने ऑफिसातून व्हायब्रेशन मोजायचं छोटं यंत्र आणलं आणि आम्ही ते सीटच्या रेलिंगला चिकटवून हायवेला निघालो. इथे हिशोब फार सुंदर बसतो. ७२ मैलाला २७ इंची टायर सेकंदाला साधारण १५ फेरे घेतो. ३.७३ चा ॲक्सल, म्हणून शाफ्ट सेकंदाला ५६. शाफ्टचा बॅलन्स चुकला असेल तर फेऱ्याला एक धक्का, ५६. आणि क्रॉसच्या जॉइंटचा अँगल चुकला असेल तर फेऱ्याला दोन, ११२. स्क्रीनवर १५ ला, म्हणजे टायरच्या जागी, काहीच नव्हतं आणि ११२ ला उंच सुळका उभा होता, शेजारी ५६ ला एक छोटा.

११२ म्हणजे अँगल. क्रॉसचा जॉइंट वाकलेल्या स्थितीत फिरला की पलीकडचा दांडा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे राहतो, हा त्याचा स्वभावच आहे. दोन टोकांना दोन जॉइंट सारख्याच अँगलला ठेवले की पहिल्याने केलेली गडबड दुसरा पुसून टाकतो. कारखान्याच्या शाफ्टला मागे वेगळ्या जातीचा जॉइंट असतो, तो ही गडबड करतच नाही, म्हणून गाडी खाली बसवून पिनियनचं, म्हणजे डिफरेन्शियलमधल्या शाफ्टला जोडलेल्या गिअरचं, तोंड फिरलं तरी तो सांभाळून घेतो. क्रॉसवाला एकसंध शाफ्ट सांभाळून घेत नाही. मागचा ॲक्सल जिथे वरून धरलेला असतो तो आर्म कमी-जास्त लांबीचा करता येणारा बसवला, डिजिटल अँगल गेज लावून पिनियन गिअरबॉक्सच्या जुळणीत आणला, अर्ध्या अंशाच्या आत. ११२ चा सुळका गेला. उरलेल्या ५६ साठी जुनी गॅरेजवाली युक्ती, शाफ्टच्या मागच्या टोकाला दोन होज क्लॅम्प आवळायचे, त्यांची डोकी एका जागी ठेवून गाडी चालवायची, मग पाव फेरा सरकवून पुन्हा चालवायची, ज्या जागी थरथर सगळ्यात कमी ती खूण करायची. संध्याकाळ गेली पण जागा सापडली, आणि ती खूण घेऊन शाफ्ट ड्राइव्हलाइनचंच काम करणाऱ्या दुकानात नेला, त्यांनी मशीनवर लावून नळीवर पाव बोटाएवढं वजन चिकटवून दिलं. पाव बोटाएवढं! मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांना तेवढंही आरसा हलवायला पुरतं. त्या मित्राचा शाफ्टवर झाला असेल तेवढाच खर्च पुढच्या आर्मवर आणि बॅलन्सिंगवर झाला, आणि तो कुठल्याच जाहिरातीत धरलेला नसतो.

बसवायचं काम अवघड नाही पण निष्काळजीपणाचं नाही. जुना काढायच्या आधी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडल्या जाणाऱ्या चकत्यांवर, पांढऱ्या पेंटने खूण करायची, म्हणजे कधी परत बसवायचा झाला तर त्याच जागी बसेल. जुन्या बोल्टांवर मीठ बसून गंज चढलेला असतो, आदल्या रात्रीच तेल मारून ठेवायचं. नवे बोल्ट, दिलेल्या टॉर्कला रेंच लावूनच आवळायचे, हाताच्या अंदाजाने नाही. फ्लँजची तोंडं वायर ब्रशने चकचकीत करायची, गंजाचा एक कण मधे राहिला तरी शाफ्ट तिरका बसतो आणि मग बॅलन्स काही उपयोगाचा नाही. शाफ्टखाली लूप, म्हणजे त्याला धरून ठेवणारं कडं, लावायचा, म्हणजे पुढचा जॉइंट तुटलाच तर दांडा रस्त्यावर पडून रोवला जाऊ नये. ड्रॅग स्ट्रिपवर ठरावीक वेळेच्या आत धावणाऱ्या गाड्यांना तो सक्तीचाच असतो, पण रस्त्यावर चालवणाऱ्यानेही लावावा असं माझं ठाम मत आहे, शंभर-दीडशे डॉलरचं काम आहे आणि शाफ्ट तुमच्या सीटच्या शेजारूनच जातो.

जो हिवाळ्यातही हीच गाडी चालवतो त्याने अजून एक विचार करावा. ॲल्युमिनियम गंजत नाही हे अर्धं खरं आहे. ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना टेकलेले आणि मधे मिठाचं पाणी, अशा जागी ॲल्युमिनियमच आधी खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरते. क्रॉसच्या वाट्या योकमध्ये, म्हणजे त्यांना धरणाऱ्या शाफ्टच्या टोकाच्या कानांमध्ये, अशा घट्ट बसतात की क्रॉस बदलायची वेळ आली की प्रेसवर योकच फाटायची भीती. माझी गाडी डिसेंबर ते मार्च आतच असते.

नाशिकला माझा मावसभाऊ आहे, त्याची बोलेरो त्र्यंबकच्या बाजूला शेतावर जाते-येते, हे सगळं ऐकून तो फोनवर म्हणाला मग माझ्या गाडीलापण करून घेऊ का कुठून? मी म्हटलं भाऊ, अजिबात नको. दगडाचा एक फटका बसून पातळ ॲल्युमिनियमच्या नळीला खळी पडली की ती नळी तिथेच कमजोर झाली, तिला ठोकून सरळ करता येत नाही. स्टीलचा शाफ्ट वाकला तर लेथवाला कापून, नवी नळी वेल्ड करून, बॅलन्स करून देतो, दोन दिवसांत गाडी परत रस्त्यावर. त्याच्या गाडीला वेळेवर क्रॉसला ग्रीस मारणं हेच सगळ्यात मोठं अपग्रेड आहे, आणि ते तो करत नाही हे मला माहीत आहे.

तर नाशिकच्याच त्या पोराला मी काय सांगितलं. आधी लिफ्टवर घे, सेंटर बेअरिंगचं रबर बघ, मागच्या जॉइंटचा बूट, म्हणजे रबरी कव्हर, फाटून ग्रीस उडालंय का बघ, शाफ्ट हाताने हलवून किती ढील आहे ते बघ. सगळं ठीक असेल तर हात लावू नकोस, ते सात-आठशे डॉलर चांगल्या टायरला घाल, त्या गाडीवर आधीच्या मालकाने जे दगडासारखे टायर ठेवलेत ते बदललेस तर पाव मैलाला, वळणाला, ब्रेकला, पावसात, सगळीकडे फरक पडेल. उरले तर ब्रेक पॅड आणि ब्रेकचं नवं तेल. ड्रॅग स्ट्रिपला नेऊन चिकट टायरवर सोडणार असशील, किंवा सुपरचार्जर टाकणार असशील, किंवा ३.७३, ४.१० असा मोठा ॲक्सल टाकून ट्रॅकवर शेवटपर्यंत ताणणार असशील, तर एकसंध मजबूत शाफ्ट आधी घे, तिथे तो हौस म्हणून नाही, गरज म्हणून लागतो.

त्याने लिफ्टवर घेतली. रबर सगळीकडून चिरलेलं आणि बूट एका बाजूने फाटलेला, रिंगणभर ग्रीस उडालेलं. म्हणजे शाफ्ट कसाही बदलायचाच होता. मग मी म्हटलं आता घे एका तुकड्याचा, पण विकणाऱ्याला पाच गोष्टी विचार: नळीचा व्यास किती, क्रिटिकल स्पीड किती, बॅलन्स किती आरपीएमला केलाय, मागे क्रॉस आहे की कारखान्यासारखा जॉइंट, आणि व्हायब्रेशन आलं तर परत घेणार का. पहिल्या दुकानाने फक्त वजन सांगितलं आणि बाकी कशाला हवंय म्हणाले. दुसऱ्याने सगळं लिहून दिलं, भाव ऐंशी डॉलर जास्त. त्याने दुसऱ्याकडून घेतलाय, पुढच्या शनिवारी माझ्याकडे बसवायचा आहे, लूप आणि नवे बोल्ट त्याने आणलेत, अँगल गेज माझं.